झोळीवाला विठू

टोकावड्याच्या वर डोंगराच्या पोटाशी जी वाडी आहे, तिथं विठू राहतो. त्याचं आडनाव विचारू नका, कुणाला सांगता यायचं नाही. झोळीवाला विठू म्हणा, शेंबडं पोरसुद्धा घर दाखवील. वाडीला गाडीरस्ता झाला तो अलीकडे. त्याआधी माणूस आजारी पडलं की वाहन एकच: एक जाड बांबू, त्याला दोन्ही टोकांनी गाठ मारलेली गोधडी, आणि पुढच्या टोकाखाली विठूचा खांदा. मागच्या टोकाला त्याचा जोडीदार भगीरथ. बाळंतीण असो, तापानं फणफणलेलं पोर असो, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला माणूस असो, विठू डोंगर असा उतरायचा की झोळीतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, जे होतं ते सांगतो.

आता लोकांना असं सांगायला फार आवडतं की विठूला जन्मापासूनच परोपकाराची हौस. काही नाही हो! तरुणपणी विठू आपलं शेत बरं की आपण बरं असाच होता. त्याची थोरली मुलगी रविना, सहा-सात वर्षांची, गवताच्या भाऱ्याजवळ खेळताना तिला साप चावला. शहाणे लोक म्हणाले, खाली जीप बोलावलीय, पायथ्याशी येईल, तोवर थांब. विठू थांबला. पोरीला मांडीवर घेऊन वाट बघत बसला. पावसानं ओढा चढला होता, जीप पलीकडेच अडकली, आणि पोर बापाच्या मांडीवर गेली. त्या दिवसापासून ‘थांबा’ म्हणणाऱ्या माणसाचं तोंड विठूला बघवत नसे. कुणाच्या घरी रडारड ऐकू आली की हा ताटावरचा उठायचा आणि बांबू घेऊन निघायचा. गाडी येते का, कुठवर आली, कुणाला विचारायचं नाही. उचलायचं आणि चालायला लागायचं. अशी किती माणसं त्यानं वाचवली देव जाणे, आणि त्यातली बरीचशी आजही भेटली की त्याला वाकून नमस्कार करतात.

रविनाच्या मागं त्याला एकच मुलगा राहिला, सूरज. सडसडीत, हसरा, हातात कसब असलेला. मुरबाडला एमआयडीसीत एका कंपनीत मशिनवर होता. त्याची आई रंगू त्याच्या लग्नाच्या खटपटीला लागली होती, खर्डीकडचं एक स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून खळ्यावर आलं होतं. सूरज सकाळची पाळी संपवून जीपमध्ये बसून घरी येत होता. वाडीखालच्या वळणावर समोरून एक गाडी ओव्हरटेक करत अंगावर आली, जीपवाल्यानं तिला चुकवायला स्टेअरिंग फिरवलं आणि जीप रस्ता सोडून खालच्या शेतात कलंडली. विठू तिथूनच दोन शेतं पलीकडे पेंढा बांधत होता. आवाज झाला तसा तो धावला. आत आपला मुलगा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाकीच्यांचं खरचटण्यावर आणि एकाचं हात मोडण्यावर निभावलं. सूरज मागच्या दारातून बाहेर फेकला गेला होता आणि बांधावर पाठ आपटून तिथंच आडवा पडला होता. रक्ताचा थेंब नाही. डोळे उघडे, शुद्ध पुरती. एका पायातली चप्पल निघून गेली होती आणि त्या पायाची बोटं हलत होती. विठूनं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. जीपमधल्या एका कॉलेजच्या मुलीनं शहाण्यासारखा १०८ ला फोन लावला होता, जागा नीट सांगितली होती, आणि ती विठूला पुन्हा पुन्हा सांगत होती की ॲम्ब्युलन्स निघालीय, काका, जरा थांबा. नेमका तोच शब्द! विठूनं भगीरथाला हाक मारली आणि बांबू आणायला पिटाळलं.

सूरजनं बापाचा हात धरला. “बा, नको हलवू मला,” तो म्हणाला. “पाठीत कायतरी तुटलंय. गाडी येऊ दे.”

“गप पड,” विठू म्हणाला. “मी हाय ना.”

भगीरथ बांबू घेऊन आला तसं दोघांनी त्याला गोधडीत घातला. झोळीत माणूस कसा बसतो ते तुम्ही पाहिलंय का? तो निजत नाही. मधून दुमडतो, गुडघे वर आणि डोकं वर, आणि सगळा भार कमरेवर. तापाच्या माणसाचं त्यानं काही बिघडत नाही. सूरज पहिल्या उचलीला असा ओरडला की भगीरथाच्या हातून बांबू सुटता सुटता राहिला. मग शेतातून रस्त्यावर चढेपर्यंत तो गप्पच होता. वर आल्यावर हळूच म्हणाला, “बा, माझे पाय कुणी बांधलेत का?” विठूनं वळून बघितलं. पाय गोधडीतून बाहेर लोंबत होते, मोकळे.

तिथून एक भाजीचा टेम्पो चालला होता, त्यात कॅरेटच्या मधे जागा करून त्याला मुरबाडच्या वाटेला लावलं. टोकावडं येण्याआधीच समोरून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. वेळेवर आली होती हो, अगदी वेळेवर! टेम्पोवाल्यानं विचारलंही, थांबवू का म्हणून. विठूनं मान हलवली आणि म्हणाला, चल पुढं, कशाला वेळ घालवतोस. ती गाडी, तिच्यातली ती सपाट फळी, तो मानेचा पट्टा, सगळं शेजारून निघून गेलं आणि रिकाम्या शेतापाशी जाऊन उभं राहिलं.

मुरबाडहून कल्याण, कल्याणहून मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरनं फोटो बघितले, सूरजच्या पायाला सुई टोचून बघितली आणि विचारलं, सुरुवातीला पाय हलत होते का? आणि याला तिथून उचललं कुणी, कसं? विठू खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो काही बोलणार एवढ्यात सूरज म्हणाला की मला काय आठवत नाय, मी बेशुद्ध होतो, जीपमधल्या लोकांनीच ओढून काढलं असेल. डॉक्टरनं मान डोलावली, लिहून घेतलं आणि कमरेखालची आशा सोडायला सांगितली.

झालं. विठूनं त्या ‘आठवत नाय’ला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पोरगं बेशुद्ध होतं. डोळे उघडे असले म्हणून काय झालं, बेशुद्धीत माणूस बडबडतोच की. तो जे बोलला ते त्याला आठवत नसेल. दिवसातून कितीदा तरी तो स्वतःची अशी समजूत घालायचा, आणि पोराला तोंड धुवायला पाणी देताना त्याच्या डोळ्यांत बघायचं मात्र टाळायचा. आठवतं की नाही, एवढं एकच त्याला हवं होतं, आणि तेवढंच विचारायची त्याची छाती नव्हती. विचारलं आणि हो म्हणाला तर? मग उरलेला जन्म कुठल्या तोंडानं त्याच्यासमोर बसायचं?

वर गाव मीठ चोळायला होतंच. विठूनं पोराला वाचवला, विठू होता म्हणून पोर जिवंत घरी आलं, असं जो तो बोलायचा. रंगू तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की हे थांबून ऱ्हायले असते तर माझ्या सूरजची पण रविनासारखी गत झाली असती. बिचारी मनापासून बोलायची. विठू तिथून उठून गोठ्याकडे जायचा आणि उगाच गुरांच्या अंगावरून हात फिरवत उभा राहायचा. बांबू त्यानं फोडून चुलीत घातला. लोक म्हणाले, दुःखानं घातला. एवढं त्यांचं बरोबर होतं.

सूरज ओटीवर खिडकीशी खाटेवर पडून असायचा. खर्डीच्या लोकांनी निरोपसुद्धा न पाठवता दुसरीकडे सोयरीक जमवली. पोरगं चिकट, काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडलं आणि मग उशीवर पाटी ठेवून वाडीतले बिघडलेले मोबाइल उघडायला लागलं. हात चालायचे, पण कूस स्वतःला बदलता यायची नाही. एकाच अंगावर पडलं की पाठीला जखमा होतात, म्हणून थोड्या थोड्या वेळानं त्याला वळवायला लागायचं. ते काम विठूनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. बापलेक बोलायचे, नाही असं नाही, पाऊस, गुरं, कुणाचा फोन दुरुस्त झाला, सगळं बोलायचे. त्या वळणाचं नाव कधी निघालं नाही.

मागच्या वर्षी टोकावड्याच्या शाळेत एक कार्यक्रम झाला. त्या रस्त्यावर अपघात फार, म्हणून संजीवनी नावाची एक नर्स सांगायला आली होती, अपघात झाल्यावर काय करायचं ते. विठूला मानानं पुढं बसवलं. बाई साधीच, पण बोलणं खणखणीत. म्हणाली, आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, रस्त्यावर फांदी टाका, नाहीतर वाचवायला गेलेले मरतील. गाडीची चावी बंद करा. १०८ ला फोन करा आणि जागेची खूण नीट सांगा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची जबरदस्ती करू शकत नाहीत, तेव्हा भिऊ नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि आग लागली नसेल, गाडी पाण्यात नसेल, तर माणसाला जागचं हलवू नका. डोकं दोन्ही हातांनी जसंच्या तसं धरून बसा. मग जाता जाता म्हणाली की जखमी बोलत असेल तर त्याचं ऐका, कुठं काय तुटलंय ते आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

टाळ्या झाल्या. सरपंचानं उठून सांगितलं की आमचे विठूकाका हे सगळं न शिकताच करत आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. विठू उभा राहिला, हात जोडले आणि बाहेर निघून गेला. लोकांना वाटलं, पोराच्या आठवणीनं भरून आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, शिमगा जवळ आला असताना, त्याच रस्त्यावर वाडीच्या अलीकडे एक गाडी आंब्यावर आदळली. वाशिंदचं जोडपं होतं, ओमकार आणि नम्रता, टोकावड्याच्या पुढं तिच्या माहेरी निघालेलं. तिला सीटचा पट्टा होता, ती बचावली. ओमकार दार उघडून खाली पडला होता, बोलत नव्हता, नुसता कण्हत होता. वाडी धावली. इतक्या वर्षांची सवय, भगीरथ कुणाच्या तरी कुडाचा बांबू उपसून आणि गोधडी घेऊनच आला आणि लांबूनच ओरडला, विठू, धर पुढलं टोक.

विठू रस्त्यावर गुडघे टेकून बसला. ओमकारचं डोकं त्यानं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, कुणी हात लावायचा नाय. फोन लावा आणि रस्ता अडवा.

लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला. भगीरथाचं डोकं फिरलं, त्यानं त्याला तोंडाला येईल ते सुनावलं. दोघं जण मोबाइलवर चित्रण करत होते, त्या निर्लज्जांना एका म्हातारीनं शिव्या घालून फांद्या तोडायला लावलं. आणि नम्रता, ती बिचारी कपाळातून रक्त येत असताना विठूच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. उचला ना, उचला, माझा माणूस मरतोय, असं म्हणत होती. शेवटी ती त्याच्यासमोर येऊन बसली.

“तुमचा पोरगा असता तर असेच बसला असता का?” तिनं विचारलं.

“नाय,” विठू म्हणाला. “नसतो बसलो.”

ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागला कोण जाणे. विठूला तो सगळा जन्म वाटला. ज्या माणसानं थांबण्यापायी एक लेकरू घालवलं आणि न थांबण्यापायी दुसरं, तो तिथं हातांना मुंग्या आल्या तरी तसाच बसून होता आणि त्याचं सगळं अंग उठ म्हणत होतं, उचल म्हणत होतं. हा पण मेला तर? रविनासारखा माझ्या हातात मेला तर? त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सायरन ऐकू आला तेव्हाही त्यानं डोकं सोडलं नाही. गाडीतल्या माणसानं मानेला पट्टा बांधून, फळी सरकवून, बाबा, आता सोडा असं दोनदा सांगितल्यावर सोडलं.

भातलावणी उरकल्यावर एका रविवारी ओमकार आणि नम्रता विठूचं घर विचारत आले. पेढ्यांचा पुडा आणला होता. ओमकारच्या कमरेला पट्टा होता, पण वाडीचा चढ तो चालत आला होता. रंगूनं चहा टाकला. नम्रता विठूच्या पाया पडली आणि रडायला लागली. म्हणाली की डॉक्टर बोलले, मणक्याचं हाड मोडलं होतं, कुणी घाईनं उचललं असतं तर जन्माचा अधू झाला असता. हे सगळं ओटीवर, सूरजच्या खाटेला लागून चाललं होतं. विठूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सूरज ऐकत होता, हातातला मोबाइल उघडाच राहिला होता.

मग त्यानं ओमकारला विचारलं, “दादा, जरा चालून दाखवाल काय? हितनं तितवर.”

ओमकार भांबावला, पण उठला. अंगणात तुळशीपर्यंत गेला आणि परत आला. सूरज मान उचलून बघत होता, त्याच्या पावलांकडे, टाच कशी टेकते, बोटं कशी दाबली जातात, सगळं. पुन्हा एकदा, तो म्हणाला. ओमकार पुन्हा गेला आणि आला. बस झालं, बरं वाटलं, असं सूरज म्हणाला आणि हसला, अगदी पहिल्यासारखा.

रंगू पाहुण्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेली. ओटीवर दोघंच उरले. विठू कपबशा गोळा करत होता.

“बा,” सूरज म्हणाला, “तो बोलत होता का तवा? हलवू नका बोलला का?”

“नाय. त्याला शुद्ध नव्हती.”

“मी तर बोललो होतो,” सूरज म्हणाला.

एवढंच. आवाज चढला नाही की काही नाही. म्हणजे सगळं आठवत होतं. हॉस्पिटलात खोटं बोलला तेव्हा आठवत होतं, रंगू बापाचं कौतुक करायची तेव्हा आठवत होतं, विठू रोज त्याला वळवायचा तेव्हा त्या दोन हातांमधे पडून ते आठवत होतं. आणि इतके दिवस त्यानं ते एकट्यानं गिळलं होतं, बापाला बाप म्हणता यावं म्हणून. सूरजनं मान भिंतीकडे फिरवली.

विठूनं कपबशा खाली ठेवल्या. खाटेच्या पायथ्याशी जाऊन तो बसला आणि गोधडीवरून त्यानं लेकाचे पाय धरले. कपाळ त्या पायांवर टेकलं आणि तो रडला. आवाज न करता, तोंडात पंचा कोंबून रडला. माफ कर म्हणायलासुद्धा त्याला तोंड नव्हतं, नुसते ते पाय तो घट्ट आवळत राहिला. सूरज भिंतीकडेच बघत होता. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “बा, हायस का गेलास?”

“हाय,” विठू म्हणाला.

“कूस बदल माझी. अंग अवघडलंय.”

विठू डोळे पुसून उठला आणि खाटेच्या कडेला येऊन उभा राहिला. रोजच्यासारखे हात त्यानं पुढं केले, आणि मग ते तसेच मागं घेतले.

“सांग, कसा वळवू,” तो म्हणाला, आणि सूरज सांगेपर्यंत त्यानं त्याला हात लावला नाही.